अहमदाबादच्या धाब्यावरची संक्रांत

आपल्या गटाच्या आम्ही अकराजणी अहमदाबादला जाऊन आलो, हे गावभर झालंच आहे. गेलो होतो ‘सेवा’ संघटनेचं काम पाहायला. १९७२ साली इलाबेन भट्ट यांनी कष्टकरी बायकांची ही संघटना उभी केली. दोनच वर्षांनी बायकांची बँकही निघाली. त्याबद्दल पुढच्या वेळी बोलू. आज संक्रांतीचं सांगतो.

सणाला बायका परगावी म्हटल्यावर घरोघरी कुरकुर झाली. सुगडं कोण पुजणार, वाण कोण देणार? खरं म्हणजे पोळ्या कोण लाटणार!

तिथल्या एका बेननं जुन्या शहरातल्या आपल्या घरी बोलावलं. तिकडे पोळ असतात. पोळ म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांची आळी. आपल्याकडे धाबं, तर त्यांच्याकडे धाबुं. फरक एवढाच, की आपण धाब्यावर जातो ते पापड, कुरडया आणि मिरच्या वाळवायला. बसायला कधी गेलो?

सकाळीच अख्खं घर वर होतं. सासू, सुना, जावई, पोरंटोरं, सगळे. आम्ही सवयीनं विचारलं, स्वयंपाकाला हात लावू का? घरातल्या बा हसल्या. आज चूल बंद! उंधियू आणि जिलबी दुकानातून येणार, मुलगे रांगेत उभे आहेत. उंधियूत पापडी, कंद, रताळी, वांगी, मेथीच्या मुठिया असं सगळं असतं. तिखटाच्या नावानं मात्र शून्य. आमच्यातल्या एकीनं पिशवीतून ठेचा काढला, तो बांनीच संपवला.

बोटांना चिकटपट्टी गुंडाळून आम्ही पतंग धरला. पहिले चार आमचेच कापले गेले. दरवेळी शेजारच्या धाब्यावरून थाळ्या वाजायच्या आणि ओरडा व्हायचा, ‘काय पो छे!’

आता आमच्या अक्कांचं. मालक जाऊन त्यांना सहा वर्षं झाली. गटाचा हिशेब त्यांच्याइतका पक्का कुणाचा नाही. पण संक्रांतीला त्या दार लावून घरात बसतात. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नाही. कुणी म्हणजे आम्हीच. या रेडिओवर बायकांच्या हक्काबद्दल बोलणाऱ्या आम्ही.

बांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी फिरकी अक्कांच्या हातात दिली, मग दोरच दिला. अक्कांनी ढील दिली, ओढला, आणि समोरचा लाल पतंग तुटून भरकटत गेला. अक्का अशा ओरडल्या, की दोन धाब्यांपलीकडची माणसं वळून बघायला लागली. मग खाली बसल्या आणि बराच वेळ कुणाशी बोलल्या नाहीत. आम्हालाही बोलायला तोंड नव्हतं.

दुपारी काचेच्या मांज्यानं पंख कापलेलं एक कबुतर शेजारी पडलं. एका पोरानं ते खोक्यात घालून उपचाराला नेलं. गुजरातेत या दिवसांत जखमी पाखरांसाठी करुणा अभियान चालतं. तरी मन खट्टू झालंच. अंधार पडल्यावर दोराला बांधलेले कागदी कंदील आभाळात चढले. त्यांना टुक्कल म्हणतात. खाली उतरावंसं वाटेना.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. या शनिवारी आपलं हळदीकुंकू शाळेच्या धाब्यावर आहे. पहिलं वाण अक्कांना द्यायचं गाडीतच ठरलं. अक्का अजून हो म्हणालेल्या नाहीत. दोर मात्र त्यांनी आणलाय. साधा सुती, बिनकाचेचा.