उत्तरायुष्यातील मनःस्वास्थ्य



वय वाढले की माणूस चिडचिडा, हळवा आणि निराश होतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. शरीर थकते, दृष्टी मंदावते, तेव्हा मनही खचणारच, असे गृहीत धरले जाते. मानसशास्त्रातील संशोधन मात्र वेगळेच सांगते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रा. लॉरा कार्स्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ९४ वर्षे वयाच्या १८४ व्यक्तींना आठवडाभर जवळ बाळगण्यासाठी पेजर दिले. दिवसातून पाच वेळा पेजर वाजे आणि त्या क्षणीच्या भावनांची नोंद केली जाई. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की राग, दुःख, भीती यांसारख्या भावनांचे प्रसंग साधारणतः साठीपर्यंत वयानुसार कमी होत जातात आणि पुढे ते प्रमाण स्थिरावते. आनंदाचे प्रसंग मात्र वयाबरोबर घटत नाहीत.

याचे कारण निवडीत आहे. हाती असलेला काळ मर्यादित आहे, ही जाणीव झाली की माणूस नव्या ओळखी वाढविण्यापेक्षा जिव्हाळ्याची माणसे जपतो आणि निष्फळ वाद सोडून देतो. म्हणून एखादे आजोबा समारंभांना जाणे टाळतात, पण जुन्या मित्राची सायंकाळी आतुरतेने वाट पाहतात, तेव्हा त्यांना एकलकोंडे ठरविण्याची घाई करू नये.

तथापि, सर्वच प्रसंग टाळता येत नाहीत. जोडीदाराचे दीर्घ आजारपण, वियोग, परावलंबन यांपासून दूर जाता येत नाही. सुसान चार्ल्स यांनी २०१० साली मांडल्याप्रमाणे, ताण असा अटळ आणि प्रदीर्घ झाला की वृद्ध शरीराला पूर्वस्थितीवर येणे अधिक जड जाते. अशा वेळी केवळ अनुभवाचे बळ पुरत नाही. माणसांचा आधार लागतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. प्रसंगाकडे नव्या दृष्टीने पाहणे म्हणजे संयम. अश्रू गिळून चेहरा हसरा ठेवणे म्हणजे दडपण. दडपल्याने भावना चेहऱ्यावर दिसत नाही, पण आतला क्षोभ शमत नाही. 'आता या वयात रडायचे नाही', असे वडीलधाऱ्यांना सांगणारे आप्त नकळत हेच दडपण वाढवितात.

त्याचप्रमाणे, नैराश्य हा वार्धक्याचा अपरिहार्य भाग नव्हे. तो उपचाराने बरा होऊ शकणारा आजार आहे. ज्येष्ठांमध्ये तो अनेकदा अंगदुखी, निद्रानाश, मंदावलेली भूक किंवा विसराळूपणा यांच्या रूपाने प्रकटतो. आवडत्या माणसांची आणि कामांचीही गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ नाहीशी झाली, तर 'वय झाले' असे म्हणून न थांबता वैद्यकीय सल्ला घ्यावा. ऐकू कमी येणे, थायरॉइडचा विकार वा औषधांचे परिणाम हेही यामागे असू शकतात. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

सारांश, ज्येष्ठांनी आपले दुःख मोकळेपणाने बोलावे आणि कुटुंबीयांनी ते उपदेश न करता ऐकावे. घरातील वृद्ध शांत बसलेले दिसले, तर ती शांती समाधानाची आहे की मौनातील व्यथेची, एवढे तरी जवळ बसून विचारावे. हे विचारावयास खर्च काहीच येत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.