एका जागी उभा दिसणारा उपग्रह



उपग्रहाचा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “गुरुजी, तो वर उभा राहतो, मग खाली का पडत नाही?” ‘तेथे गुरुत्वाकर्षण नसते’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह शिक्षकास होतो. ते उत्तर चूक आहे. आणि गुरुजींच्या तोंडून ऐकलेली चूक मुलाच्या मनातून सहसा निघत नाही. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरही पृथ्वीचे आकर्षण असतेच. ते भूपृष्ठावरील आकर्षणाच्या सुमारे चव्वेचाळिसावा भाग एवढे उरते, इतकेच. उपग्रह सतत पडत असतो. परंतु तो सेकंदास सुमारे ३ किलोमीटर या वेगाने पुढेही जात असल्यामुळे त्याचे पडणे पृथ्वीच्या गोलाईभोवती वळत राहते.

मग तो उभा कसा दिसतो? पृथ्वीलगतचे उपग्रह सुमारे दीड तासात प्रदक्षिणा करतात. दूरच्या चंद्रास सत्तावीस दिवसांहून अधिक काळ लागतो. या दोहोंमध्ये अशी एक उंची असलीच पाहिजे की, जेथे प्रदक्षिणेचा काळ पृथ्वीच्या एका फेऱ्याएवढाच, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे भरेल. विषुववृत्तावर त्या उंचीवरून पूर्वेकडे जाणारा उपग्रह खालच्या माणसास स्थिर भासतो. याचा पुरावा गावातच आहे. घरांच्या छपरांवरील दूरदर्शनच्या तबकड्या मुलांना होकायंत्र देऊन पाहावयास लावाव्यात. त्या दक्षिणेकडे वा आग्नेयेकडे तोंड करून असतात, उत्तरेकडे नव्हे. आणि एकदा घट्ट बसविल्यावर त्या कोणी फिरवीत नाही.

आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली ही कल्पना मांडली. व्यापारी तत्त्वावर ती प्रथम सिद्धीस नेणारा उपग्रह ‘अर्ली बर्ड’ ६ एप्रिल १९६५ रोजी फ्लॉरिडातून सोडण्यात आला. कक्षेत त्याचे वजन सुमारे ३९ किलोग्रॅम, म्हणजे सातवीतल्या एखाद्या मुलाएवढे! आकार पिंपासारखा, अंगावर सौरघटांचे आवरण. भोवरा फिरतो तोवर कलंडत नाही, त्याच न्यायाने त्यास स्वतःभोवती गरगर फिरते ठेवले होते. अटलांटिक महासागरावरून तो अमेरिका व युरोप यांस जोडी. एका वेळी २४० दूरध्वनी संभाषणे किंवा एकच दूरदर्शन कार्यक्रम एवढीच त्याची शक्ती. चित्र पाठवावयाचे तर संभाषणे थांबवावी लागत.

शंका निराळीच होती. आवाज वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो, म्हणून प्रश्न आणि उत्तर यांत अर्धा सेकंद जातो. ही खोळंबणूक लोक सोसतील काय, असे जाणत्यांनाही वाटे. लोकांनी ती सोसली. वर्गात दोन मुलांना संभाषण करावयास लावून प्रत्येक उत्तरापूर्वी थोडे थांबावयास सांगितले, तर ही अडचण ध्यानी येते. मुले हसतात, एकमेकांचे बोलणे तोडतात. तेच तेव्हा घडत असे.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ साली भूकेंद्र उभे राहिले आणि अशाच उपग्रहांतून परदेशाशी संभाषण होऊ लागले. ‘अर्ली बर्ड’ची आखणी अवघ्या दीड वर्षासाठी होती. त्याने जवळजवळ चार वर्षे सेवा केली, जानेवारी १९६९ मध्ये तो बंद करण्यात आला, आणि त्याच वर्षी, मानव चंद्रावर उतरला त्या सुमारास, त्यास काही काळ पुन्हा कामास लावावे लागले.