पेकन, शेंगदाणा आणि आपल्या मुलांचे पोषण
(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मुख्याध्यापकांनी मला ‘आहार आणि आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितले. विषय फार मोठा आहे. त्यातला एकच लहानसा भाग मी आज घेणार आहे, आणि त्याला कारण झाला माझ्या दवाखान्यात आलेला एक डबा.

एक पालक भगिनी आपल्या मुलीला दाखवायला आल्या होत्या. मुलगी नववीतली. चेहरा फिकट, जिना चढताना धाप लागते, अभ्यासाला बसली की डोळे मिटतात. तपासणीत हिमोग्लोबिन ९ निघाले. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. भावाने आखातातून येताना आणलेला. “डॉक्टरसाहेब, हे अक्रोडच ना? चव मात्र वेगळी लागते. थोरला दहावीला आहे, त्याला रोज सकाळी मूठभर देते. डोकं चालावं म्हणून.” मी विचारले, “आणि हिला?” त्या म्हणाल्या, “महाग आहे हो. सगळ्यांना कुठून पुरणार?”

डब्यात होते ते अक्रोड नव्हे, पेकन. अक्रोडाच्याच कुळातले हे झाड मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे, टेक्सास आणि उत्तर मेक्सिको या भागांतले. पेकन हा शब्द तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आला. दगडाने फोडावे लागणारे फळ असा त्याचा अर्थ. १९१९ साली टेक्सासने हे आपले राज्यवृक्ष ठरवले. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात त्याची थोडीफार लागवड आहे.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण आपण हापूसची कलमे बांधणारी माणसे आहोत. बी पेरून वाढवलेल्या पेकनचे फळ कसे निघेल याचा भरवसा नसतो. लुइझियानातील ओक अ‍ॅली या मळ्यावर १८४६-४७ च्या सुमारास एका गुलाम माळ्याने उत्तम झाडाची कलमे प्रथम यशस्वीपणे बांधून दाखवली. कागदोपत्री त्याचे नाव नुसते आंत्वान. आडनाव नाही, जन्मतारीख नाही. त्याच्या कलमांतून आलेले वाण १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात गाजले, आणि पेकनच्या बागायतीचा पाया तिथून पडला.

आता या फळात काय आहे ते पाहू. एक मूठ, म्हणजे साधारण १९-२० अर्धुके, वजन २८ ग्रॅम धरा. त्यातून सुमारे २०० उष्मांक मिळतात. २८ पैकी २० ग्रॅम निव्वळ स्निग्धांश असतो. हे ऐकून दचकू नका. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग ऑलिव्हच्या तेलात असतो त्याच जातीचा आहे, आणि तूप-डालड्यासारखा गोठणारा भाग २ ग्रॅमच्या आतच. प्रथिने अडीच ग्रॅम, तंतुमय भाग पावणेतीन ग्रॅम, साखर एकच ग्रॅम. शिवाय जस्त सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. वाढत्या वयाला आणि जखम भरून येण्याला जस्त लागते. मॅग्नेशियम, तांबे, मँगनीज आणि ब-१ जीवनसत्त्वही त्यात आहे. वरची तपकिरी साल तुरट लागते म्हणून कोणी खरवडून काढतात. तसे करू नये. पेशींची झीज आवरणारी वनस्पतिद्रव्ये मुख्यतः त्या सालीतच असतात.

हृदयासाठी ते उपयोगी आहे का? आहे, पण अट ध्यानात घ्या. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे २३ निरोगी माणसांवर प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. आहारातले इतर काही पदार्थ कमी करून त्यांच्या जागी पेकन दिले, तेव्हा रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल शेकडा १० च्या आसपास अधिक उतरले. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने पेकनसह बऱ्याच कवचफळांबाबत असे लिहायला परवानगी दिली की, रोज सुमारे ४२ ग्रॅम खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. मात्र हे पूर्ण सिद्ध झालेले नाही, हेही सोबत छापायचे. प्रयोगातला ‘जागी’ हा शब्द महत्त्वाचा. फरसाण, वडे, बिस्किटे यांच्या जागी मूठभर पेकन खाल्ले तर लाभ. बिर्याणी जेवून वर दोन मुठी चघळल्या तर ४०० उष्मांकांची भर पडते, दुसरे काही नाही. मधुमेही वडीलधाऱ्यांना साधे पेकन चालते. आखातातून येणाऱ्या डब्यांत पुष्कळदा साखरेत घोळवलेले किंवा खारवलेले असते, तेव्हा आधी डब्यावरचा मजकूर वाचावा.

परीक्षेत गुण वाढतात म्हणून जे सांगितले जाते, त्याला मात्र मला आधार सापडलेला नाही. मेंदूसारखा आकार दिसतो म्हणून अक्रोड मेंदूला चांगला, ही समजूत फार जुनी आहे, आणि पेकनला ती अक्रोडाच्या नात्याने चिकटली.

आणि त्या मुलीचे काय? १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. पेकनच्या एका मुठीत ते पाऊण मिलिग्रॅमही नसते. म्हणजे लोहासाठी चाळीसहून अधिक मुठी! तिला डबा मिळाला नाही म्हणून तिचे रक्त कमी झाले, असे मुळीच नाही. तिला सकाळी चहा-बटरावर शाळेत पाठवले जाई आणि मटणाच्या ताटात तिच्या वाट्याला रस्सा येई, म्हणून ते झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणी रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा हा एका घराचा प्रश्न नाही.

मी त्या भगिनींना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हटले, “आपा, डबा दोघांत सारखा वाटा. नाहीतर सरळ शेंगदाणे आणा.” त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. पण हिशेब पाहा. शेंगदाण्याच्या एका मुठीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पेकनच्या अडीच पटीहून अधिक. रक्त तयार व्हायला लागणारे फोलेट कितीतरी पट. लोहही जास्त, तरीही एक मिलिग्रॅमच्याच आसपास. म्हणून त्यावर विसंबू नये. खिमा, कलेजी, मासे यांतले लोह अंगी लवकर लागते, ते मुलीच्या ताटात आधी वाढा. डाळी आणि पालेभाज्यांवर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको, तासभर तरी जाऊ द्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात लपवतात, हे मला ठाऊक आहे. मुलींनो, रिकाम्या पोटी मळमळते, म्हणून ती जेवणानंतर घ्या. तीन महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आली, तेव्हा हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले होते.

आणखी दोन-तीन गोष्टी. पेकनमध्ये तेल पुष्कळ, त्यामुळे आपल्या दमट हवेत ते लवकर खवट होते. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. शेंगदाण्याला पावसाळ्यात बुरशी धरते. असा एकही दाणा निवडून, भाजून खाऊ नये. बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि ते भाजून जात नाही. पाच वर्षांखालील मुलांना कोणताही दाणा अख्खा देऊ नका, घशात अडकतो. कुटून खिरीत घाला. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

पालकांच्या प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे, तेव्हा मी इथेच थांबतो.