कलावंताचे समाजऋण

(धामणगाव बढे, जि. बुलढाणा येथील व्याख्यानाचा संक्षेप)



कलावंताने समाजकार्यात पडावे काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सुधीर फडके यांचे जीवन हेच त्याचे उत्तर आहे. १९५५ पासून 'गीतरामायणा'ने बाबूजींचा स्वर घरोघरी पोहोचवला. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी संघाचा हा स्वयंसेवक दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरला होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासावर तिरंगा फडकला. त्या मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या. कोणी प्राण पणाला लावले, कोणी स्वर दिला. समिधा एकाच यज्ञातल्या.

उतारवयात बाबूजींनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवरील चित्रपटाचा ध्यास घेतला. सामान्यांच्या देणग्यांतून, वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर 'वीर सावरकर' नोव्हेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे आठच महिन्यांनी, २९ जुलै २००२ रोजी, बाबूजी गेले. अंगीकृत कार्य तडीस नेऊनच ते गेले.

निवेदनाखाली सही करणे सोपे असते. आयुष्यातील वर्षे देणे अवघड. बाबूजींनी वर्षे दिली, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले.

हे थोरांनाच साधते, असे मानून आपण सुटू नये. गावोगावी भजनी मंडळे आहेत, पेटी-तबला आहे, हौशी नट आहेत. त्यांनी वर्षातून एक कार्यक्रम गावातील गरजू विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकांसाठी करावा. ज्याला गाता येते त्याने गावे; ज्याला येत नाही त्याने तिकीट काढून ऐकावे. ऋण दोघांवरही सारखेच आहे.