वकील लेक आणि सैन्याचं दार

मी आपल्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. याआधी या रेडिओवर आपण वारसनोंद, पोटगी, बक्षीसपत्र असे विषय बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण ज्यांच्या घरात मुलगी कायदा शिकते आहे किंवा शिकून वकील झाली आहे, त्यांनी दहा मिनिटं हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आपल्या एका गटातल्या वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांची मुलगी माझ्याकडे ज्युनिअर आहे. म्हणाल्या, "वकीलबाई, पोरीला सनद मिळाली, काळा कोट अंगात आला, आम्हाला वाटलं झालं एकदाचं. आता म्हणते, मला मिलिटरीत जायचंय. वकील कधी मिलिटरीत असतो का? आणि लग्नाचं काय करायचं?"

दोन प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर मला देता आलं. दुसऱ्याचं उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

आधी पहिला प्रश्न. सैन्यात वकील असतात. आपल्या सातारा जिल्ह्यात सैनिक नाही असं गाव शोधावं लागेल, पण सैन्याचा स्वतःचा कायदा आहे हे आपल्याला फारसं माहीत नसतं. १९५० चा आर्मी ॲक्ट म्हणजे तो कायदा. जवानाने हुकूम मोडला, रजा संपून परतला नाही, पैशांची अफरातफर झाली, तर त्याचा खटला सैन्यातच चालू शकतो. त्याला कोर्ट मार्शल म्हणतात. सर्वांत मोठ्या, म्हणजे जनरल कोर्ट मार्शलमध्ये निदान पाच अधिकारी न्याय द्यायला बसतात. हे अधिकारी कुणी तोफखान्यातले, कुणी पायदळातले. लढाई त्यांना कळते, पण पुरावा कोणता ग्राह्य, साक्ष कशी तपासायची, हे त्यांना कुणी सांगायचं? त्यासाठी तिथे एक कायदा शिकलेला अधिकारी बसतो. त्याला जज ॲडव्होकेट म्हणतात. जनरल कोर्ट मार्शलला तो असलाच पाहिजे, असं कायदाच सांगतो. तो मत देत नाही, निकाल देत नाही. तो दोन्ही बाजूंना सारखं ठेवून कायदा काय आहे ते सांगतो. समोर उभ्या असलेल्या जवानाची नोकरी, पेन्शन, कधी कधी जीवसुद्धा त्या खटल्यावर अवलंबून असतो.

या अधिकाऱ्यांच्या शाखेचं नाव जज ॲडव्होकेट जनरल, थोडक्यात जॅग. खटला नसतो तेव्हाही त्यांना काम असतं. वरिष्ठ अधिकाऱ्यांना कायद्याचा सल्ला देणं, चौकशीचे कागद तपासणं, सैन्याविरुद्ध कोर्टात दावा आला तर उत्तर तयार करायला मदत करणं. तुमच्या-माझ्या जवळचं एक उदाहरण सांगते. नवरा फौजेत आहे आणि बायको-मुलांना पैसे पाठवत नाही, तर त्याच्या पगारातून त्यांच्या पोटगीसाठी रक्कम कापण्याची तरतूद आर्मी ॲक्टमध्ये आहे. त्यासाठी बायको सैन्याकडे अर्ज करू शकते. अशा कागदावर कायद्याचा सल्ला लागला, तर तो जॅगचा अधिकारीच देतो. त्या खुर्चीत आपल्यातली, चुलीपुढे बसलेल्या आईचं ऐकून मोठी झालेली एखादी मुलगी असेल, तर बरंच होईल ना?

आता, वकील झालेल्या मुलीला तिथे जायचं असेल तर काय लागतं ते सांगते. लिहून घ्या, किंवा घरातल्या मुलीला लिहून घ्यायला सांगा.

एक. एलएलबी हवी. बारावीनंतरची पाच वर्षांची चालते, पदवीनंतरची तीन वर्षांचीही चालते. पण गुण निदान ५५ टक्के हवेत. सनद घेण्याची पात्रता हवी. म्हणजे ज्या मुलीला सनद मिळालेलीच आहे, तिची ही अट पूर्ण झाली.

दोन. अलीकडच्या जाहिरातींत क्लॅट पीजी या परीक्षेचे गुण मागतात. ही परीक्षा वर्षातून एकदा होते. तिचा फॉर्म चुकला तर पुढचं सगळं चुकतं. म्हणून तयारी इथून सुरू करायची.

तीन. वय २१ ते २७. ही अट सगळ्यांत कडक. हिच्यावर मी पुन्हा येणार आहे.

चार. मुलगी अविवाहित हवी, आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. मुलग्यांनाही हीच अट आहे. अधिकारी झाल्यावर खुशाल लग्न करावं.

अर्ज सैन्याच्या भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर करायचा. अर्जाला पैसे लागत नाहीत. कुणी एजंट म्हणाला, "मी लावून देतो, एवढे द्या," तर त्याला दारातूनच परत पाठवा. या निवडीत एजंटाचं काही काम नसतं. दर वेळची जाहिरात नीट वाचायची, कारण तारखा आणि अटी त्यात असतात.

अर्जांतून निवडलेल्यांना एसएसबीच्या मुलाखतीला बोलावतात. ही मुलाखत पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशी चाळणी लागते. बुद्धीची चाचणी होते, एक चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात आणि त्यावर गटात चर्चा होते. त्यात मागे पडलेल्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. पुढे मनाच्या चाचण्या, मैदानावरची गटाची कामं, एकटीची मुलाखत. मग वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी गुणवत्ता यादी. निवड झाली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. वकील म्हणून तिथे सवलत नाही. पहाटे उठून पळायचं, बंदूक चालवायची, पाठीवर वजन घेऊन चालायचं. त्यातून बाहेर पडली की ती लेफ्टनंट. नोकरी आधी १० वर्षांची, ती पुढे ४ वर्षं वाढू शकते. आणि जॅग शाखेत बायकांना २००८ पासून कायमच्या नोकरीसाठीही विचारात घेतात.

सनदेचं काय, असं वहिनींनी विचारलं होतं. पगारी नोकरी आणि वकिली एकाच वेळी करता येत नाही. म्हणून नोकरी लागली की बार कौन्सिलला कळवून सनद तात्पुरती थांबवायची. ती रद्द होत नाही. नोकरी संपल्यावर पुन्हा सुरू करून कोर्टात उभं राहता येतं.

आता एक गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. सैन्यात बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या काही शाखांत ही वकिलांची शाखा होती. पण जागा मात्र वेगळ्या ठेवल्या जात. एका भरतीत पुरुषांसाठी सहा आणि बायकांसाठी तीन जागा होत्या. दोन मुली बायकांच्या यादीत चौथी आणि पाचवी आल्या, म्हणून बाहेर राहिल्या. निवड झालेल्या काही पुरुषांपेक्षा त्यांचे गुण जास्त होते. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ११ ऑगस्ट २०२५ ला अर्शनूर कौर यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की कायद्याची पदवी तीच, परीक्षा तीच, काम तेच, तर बायकांच्या जागांना अशी मर्यादा घालता येणार नाही. स्त्री-पुरुषांची एकच गुणवत्ता यादी लावा. अर्शनूर यांना प्रशिक्षणाला घ्यायचा आदेशही झाला. दुसरी मुलगी तोवर नौदलात अधिकारी झाली होती.

म्हणजे दिल्लीतलं कुलूप निघालं. आता राहिलं ते आपल्या घरातलं.

वहिनींचा दुसरा प्रश्न आठवतोय ना? लग्नाचं काय? आपण बोटांवर हिशोब करू. बारावीनंतर पाच वर्षांची एलएलबी केली तर मुलगी तेवीसाव्या वर्षी वकील होते. पदवी घेऊन मग तीन वर्षं केली तर चोविसाव्या. सत्तावीसपर्यंत उरतात तीन-चार वर्षं. आणि नेमकी हीच तीन-चार वर्षं आपल्याकडे स्थळं बघण्याची असतात. कुणी मुलीला "जाऊ नको" म्हणत नाही. म्हणतात, "आधी लग्न होऊ दे, मग सासरच्यांना विचारून काय ते कर." पण लग्न झालं की अटच मोडते. मग सासरचे कितीही चांगले असले तरी त्यांच्या हातात काही राहत नाही. मला या शाखेची माहिती कळली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मला कुणी अडवलं नव्हतं, मैत्रिणींनो. कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज सांगते आहे.

वहिनींनी त्या वेळी उत्तर दिलं नाही. पण पुढच्या महिन्यात आलेल्या स्थळाला त्यांनी निरोप पाठवला, की मुलीच्या दोन परीक्षा आहेत, तोवर थांबायचं असेल तर थांबा. ते थांबले नाहीत. घरात चार दिवस कुणी नीट जेवलं नाही, हेही सांगते, कारण हे सोपं नसतं.

मुलगी पहिल्यांदा मुलाखतीला गेली ती पहिल्याच दिवशी परत आली. इंग्रजीतली गटचर्चा सुरू झाली आणि तिला मध्ये शिरताच येईना. दुसऱ्या वेळेपर्यंत ती रोज सकाळी इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायची. कोर्टातले लहान अर्ज मी तिलाच चालवायला देत होते. गटाच्या बैठकीत बायकांसमोर उभी राहून बोलायची. दुसऱ्या वेळी ती पाचही दिवस टिकली, पण निवड झाली नाही. आता ती सव्वीसची आहे. आणखी एक संधी आहे. होईल का? मला माहीत नाही. पण नाही झाली तरी तिचं काही गेलेलं नाही. सनद आहे, पक्षकार आहेत, आणि आधी खाली मान घालून बोलणारी पोर आता न्यायाधीशांसमोर सरळ उभी राहते.

ज्या वकील मैत्रिणींचं वय निघून गेलं आहे, त्यांनाही सांगते. सैनिकांच्या पगाराचे, बढतीचे, पेन्शनचे वाद सशस्त्र दल न्यायाधिकरणात चालतात. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे काळा कोट घालूनच उभं राहता येतं. आपल्या गावात पेन्शनसाठी खेटे घालणाऱ्या सैनिकांच्या विधवा कमी नाहीत. मी स्वतः आता तेच काम शिकते आहे.

या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या वस्तीत कायदा शिकणारी मुलगी कोण आहे, तिचं वय किती आहे, हे विचारा. ती सत्तावीसच्या आत असेल, तर आजची माहिती तिला द्या, आणि तिच्या आईलाही द्या. आईला आधी दिली तरी चालेल.