बागायतदाराचा प्रश्न, शास्त्रज्ञाचे उत्तर

(फळबागायतदार, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



फळबाग ही एका हंगामाची शेती नव्हे. ज्वारीचे बियाणे चुकले तर पुढल्या वर्षी बदलता येते. द्राक्षाचे कलम चुकीच्या खुंटावर बांधले, तर ती चूक बागेच्या आयुष्यभर सोबत राहते. म्हणून फळबागायतदाराला संशोधनाची गरज मोठी आहे. मात्र ते संशोधन त्याच्या बागेतील प्रश्नातून निघाले पाहिजे आणि त्याच्याच बागेत कसाला उतरले पाहिजे. हे कसे घडते व कोठे अडते, ते आपल्या द्राक्षशेतीच्या उदाहरणाने मांडण्याचा माझा हेतू आहे.

बागेतील निरीक्षण

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनी १९६० साली आपला राज्यव्यापी संघ स्थापन केला. छाटणीच्या आधी एकत्र बसावे, ज्याचे घड चांगले आले त्याने कारण सांगावे, ज्याची बाग केवड्याने गेली त्यानेही ते न लपवता सांगावे, ही प्रथा या संघाने रुजवली. नजर तयार झाली ती अशा बैठकांतून. तासगाव परिसरात ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांच्या बागेत ‘सोनाका’ हे वाण पुढे आले, ते वेगळा दिसणारा वेल हेरणाऱ्या बागायतदारांमुळे.

परंतु नुसत्या नजरेला मर्यादा असते. पाण्याची टंचाई आणि खारवट जमिनी यांमुळे स्वतःच्या मुळांवरील वेली थकू लागल्या, तेव्हा मूळच्या टेक्सासकडील ‘डॉगरिज’ खुंटाचा आधार घेतला गेला. बागा सावरल्या. मात्र हा खुंट जोमदार. भारी जमिनीत वेल पाल्यावर जातो आणि घड कमी धरतो. कोणत्या जमिनीला व कोणत्या पाण्याला कोणता खुंट, हे अनेक वर्षांच्या पद्धतशीर प्रयोगांवाचून ठरत नाही. १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा अशा प्रश्नांना हक्काचे घर मिळाले.

एक कडू धडा

तरीही एक प्रसंग विसरता येत नाही. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि माल नाकारला गेला. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ थांबावी व काडीत घड धरावा, यासाठी ते सर्रास फवारले जात होते. निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते. बागायतदार फवारत होता, प्रयोगशाळा इतर रसायने तपासत होती आणि ग्राहक तिसरेच शोधत होता. तिघेही आपापले काम प्रामाणिकपणे करीत होते; त्यांची गाठ पडली नव्हती, एवढेच. तोटा मात्र बागेच्या मालकाच्या पदरी आला.

तात्पर्य असे, की बाजार काय मागतो हे संशोधनाच्या आरंभीच विचारले पाहिजे. आंब्याचेही तेच आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात हापूससारखा साका होत नाही. दोष दूर झाला, तरी बाजारात नाव हापूसचेच चालते. उत्तर बरोबर असूनही प्रश्नाचा एक भाग शिल्लक राहिला.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, नोंद. छाटणीची तारीख, फवारणीचे औषध व प्रमाण, पाऊस, पानदेठ परीक्षणाचा अहवाल हे सारे एका वहीत असावे. नोंदीवाचूनची तक्रार शास्त्रज्ञाच्या उपयोगाची नसते. गावच्या शाळेत पर्जन्यमापक असला आणि विद्यार्थ्यांनी रोज नोंद ठेवली, तर केवड्याच्या सल्ल्याला गावचाच आधार मिळेल आणि मुलांनाही विज्ञानाची ओळख होईल.

दुसरी गोष्ट, प्रयोगाची जोखीम. एका एकराच्या धन्याने नवे तंत्र साऱ्या बागेवर करून पाहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. चार ओळी प्रयोगाला, बाकी बाग नेहमीच्या पद्धतीने, आणि त्या चार ओळींचे नुकसान संघाने वा योजनेने वाटून घ्यावे. असे झाले, तरच लहान बागायतदार प्रयोगात उतरेल.

तिसरी गोष्ट अधिकाऱ्यांसाठी. गावातून नेलेला प्रश्न तारखेसह लिहून घ्यावा आणि उत्तर त्याच गावात परत आणावे. प्रयोग फसला असेल, तर तेही सांगावे. फसलेल्या प्रयोगाची वार्ता वेळेवर पोहोचली, तर दहा बागा वाचतात.

मित्रहो, शास्त्रज्ञाने बांधावर यावे, असे आपण नेहमी म्हणतो. ते योग्यच आहे. पण तो आला, तर त्याच्या हाती ठेवायला आपल्याजवळ नीट मांडलेला प्रश्न हवा. तो तयार करणे हे आपले काम आहे. त्याची सुरुवात येत्या छाटणीपासून व्हावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.