घर एक, दप्तरं तीन

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला, "कर्ज असलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सहमालकाच्या नावावर कसा करायचा?" विषय ऐकून निम्मी मंडळी खालच्या मजल्यावर बटाटेवड्याकडे जातील असं वाटलं होतं. आपण बसलात, आभारी आहे. मी वकील नाही. बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढली आणि नंतर सहा वर्षं आपल्या सोसायटीचा सचिव होतो, एवढीच माझी पात्रता. पण आज जे सांगणार आहे ते बँकेत शिकलो नाही. घरात शिकलो, आणि जरा महागात शिकलो.

२००० साली आपल्याला ताबा मिळाला. जिना तयार, लिफ्ट मात्र यायची होती. आमचा फ्लॅट मी आणि माझे थोरले बंधू, आम्ही दोघांनी मिळून घेतला. एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नव्हतं. करारनाम्यात दोघं, कर्जात दोघं, शेअर सर्टिफिकेटवरही दोघं. मुदत पंधरा वर्षांची.

२००६ मध्ये दादाने नाशिकला स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. तो म्हणाला, "हा फ्लॅट तुझा. हप्ते तू भर, माझा हिस्सा मी सोडला." आम्ही शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर आणला, हक्क सोडल्याचं लिहिलं, नोटरी केली, पेढे वाटले आणि कागद कपाटात ठेवला. कर्ज विभागात काम करणाऱ्या माणसाने हे केलं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पहिला फटका लगेच बसला. नाशिकच्या घरासाठी दादाने कर्जाचा अर्ज केला, तेव्हा तिथल्या बँकेने आमच्या फ्लॅटचा पूर्ण हप्ता त्याच्या उत्पन्नातून वजा धरला. "हप्ता भाऊ भरतो," हे त्याने सांगून पाहिलं. पण कायद्याने सहकर्जदार अर्ध्या कर्जाचा जबाबदार नसतो, तो पूर्ण कर्जाचा असतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे बँक दोघांपैकी कोणाकडूनही सगळी रक्कम मागू शकते. दादाला कर्ज कमी मिळालं. त्याने कुरकुर केली नाही, आणि मीही त्यातून धडा घेतला नाही.

२०११ मध्ये दादा गेला. अचानक. पुढची चार वर्षं हप्ते मी भरतच होतो, २०१५ मध्ये कर्ज फिटलं. मूळ कागद आणायला बँकेत गेलो तर टेबलापलीकडच्या मुलीने नम्रपणे विचारलं, "काका, दुसऱ्या मालकांच्या वारसांची संमती?" मी कपाटातला कागद पुढे केला. तिने तो वाचला आणि परत दिला. बँकेचं काहीच चुकलं नव्हतं. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. म्हणजे दादा शेवटच्या दिवसापर्यंत निम्म्या फ्लॅटचा मालक होता. मृत्युपत्र नव्हतं. तेव्हा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याचा निम्मा हिस्सा चौघांत विभागला गेला: वहिनी, पुतण्या, पुतणी आणि आमची आई. आईसुद्धा, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रत्येकाचा वाटा फ्लॅटचा एक अष्टमांश.

आता कागदावर चौघांच्या सह्या हव्यात. पुतण्या जर्मनीत, त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायचं. आणि मुद्रांक शुल्क? आईने मुलाच्या नावे हिस्सा सोडला, त्याला अगदी थोडं लागलं. पण वहिनी, पुतण्या आणि पुतणी यांनी माझ्या नावे हिस्सा द्यायचा, तर त्या नात्याला सवलत नाही. तिथे विक्रीच्या दराने शुल्क. दादा हयात असताना भावाने भावाला बक्षीसपत्र केलं असतं, तर सवलतीचा दर लागला असता.

पैशाचं एक वेळ सोडा. त्या नऊ वर्षांत फ्लॅटची किंमत कुठल्या कुठे गेली होती. वहिनींनी "आमचा हिस्सा द्या" म्हटलं असतं, तर कायदा त्यांच्या बाजूने होता आणि माझ्या हातात नोटरीचा एक कागद. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नाशिकला गेलो. वहिनींनी चहा दिला, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "यांनी शब्द दिला होता, सही होणारच. पण भाऊजी, मुलांच्या वेळी असं कपाटात ठेवू नका."

वहिनी आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. म्हणून त्यांच्या साक्षीने सांगतो. घर एक असलं तरी त्याची दप्तरं तीन असतात. मालकीचं दप्तर दुय्यम निबंधकांकडे, कर्जाचं बँकेत, आणि सदस्यत्वाचं आपल्या सोसायटीत. एका दप्तरात सही केली म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही. नवऱ्याने बायकोला हिस्सा दिला, तरी तो कर्जातून सुटत नाही. कर्जातून नाव कमी झालं, तरी मालकी हलत नाही. न्यायालयात नवरा-बायकोत "हप्ते तू भरायचे" असं ठरलं, तरी त्यात पक्षकार नसलेल्या बँकेवर ते बंधनकारक नसतं. हप्ता चुकला की सिबिलवर दोघांच्याही नावाला डाग.

मग क्रम कसा धरायचा?

आधी करारनामा काढून हिस्से बघा. ते लिहिलेले नसतील, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं सूत्र असं, की ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि तसा पुरावा नसेल तर समान.

मग बँक. दस्त करण्याआधी बँक, नंतर नव्हे. मूळ कागद तिच्या ताब्यात आहेत, घरावर तिचा बोजा आहे. शिल्लक रकमेचं पत्र मागा, आणि एका सहमालकाचं नाव कर्जातून कमी करायचा अर्ज द्या. राहणाऱ्या माणसाचं उत्पन्न, वय, बाकीची देणी बँक नव्याने तपासते. एकट्याच्या पगारात बसत नसेल तर दुसरा सहकर्जदार घ्या, काही रक्कम एकदम भरा किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत न्या. बँक नाही म्हणू शकते, ते गृहीत धरा. हो म्हणाली तर संमती लेखी घ्या, आणि जाणाऱ्याला जबाबदारीतून मुक्त केल्याचं त्यात स्पष्ट लिहून घ्या. "साहेब तोंडी हो म्हणालेत" हे चालत नाही. आणि थकबाकीची ६० दिवसांची सरफेसीची नोटीस आली असेल, तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय हिस्सा हस्तांतरित करताच येत नाही.

तिसरी पायरी दस्ताची. पैसे न घेता द्यायचं तर बक्षीसपत्र. त्याला किमान दोन साक्षीदार आणि नोंदणी हवीच. राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. भाऊ, बहीण, आईवडील यांना दिलं तर ३ टक्के. शहरांत स्थानिक अधिभार वेगळा. उलट, दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र केलं, तर सोडलेल्या हिश्श्यावर विक्रीइतकं शुल्क लागू शकतं. म्हणजे शब्द बदलला की खर्च बदलतो. नवरा-बायको वेगळे होत असतील तर तारखेलाही महत्त्व आहे, कारण घटस्फोटानंतर ते नातंच उरत नाही. इथे वकिलाची फी वाचवू नका. सही झाल्यावर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यायचा असतो.

शेवटी आपली सोसायटी. नोंदवलेल्या दस्ताची प्रत, सूची क्रमांक २, बँकेचं पत्र आणि अर्ज कार्यालयात द्या. शेअर सर्टिफिकेट बँकेत असेल तर नोंदीपुरतं ते मागवावं लागेल, त्याला वेळ लागतो. आदर्श उपविधीप्रमाणे हस्तांतरण फी ५०० रुपये, आणि कुटुंबातल्या हस्तांतरणाला प्रीमियम नाही. कुणी मागितला तर उपविधी दाखवा. मी सचिव असताना एकाने मला दाखवला होता, आणि तो बरोबर होता! देखभालीची थकबाकी भरून या, म्हणजे समितीपुढे मान खाली घालावी लागत नाही. त्याच वेळी नामनिर्देशन नवं करा. फक्त लक्षात ठेवा, नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सदस्य करून घेते, पण मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. घरपट्टी आणि वीजमीटरवरचं नावही बदलून घ्या.

कर्ज फिटल्यावरची गोष्ट आता थोडी सोपी झाली आहे. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कर्जदार गेला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे, त्याची पद्धतही बँकेने जाहीर करायची आहे. पण बँकेने कागद दिले म्हणून मालकीचा तिढा सुटत नाही. तो आपणच सोडवायचा.

आपल्यापैकी कितीतरी घरं अशीच दोन नावांवर आहेत: बापलेक, भाऊ-भाऊ, नवरा-बायको. एकमेकांवर विश्वास आहे म्हणून आपण कागद करत नाही. मला उलटं वाटायला लागलंय. विश्वास आहे, सगळी हयात आहेत, एका ताटात जेवताहेत, तेव्हाच कागद करावा. नंतर तो करायला वहिनींसारखं मन लागतं, आणि दर घरात ते असेल याची हमी कुठली बँक देणार?

आज घरी गेल्यावर एकच करा. कपाट उघडा, करारनामा, कर्जाचं पत्र आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींवरची नावं वाचा. ती जुळत नसतील, तर उद्या सकाळी मी खाली बाकावर असतोच. चहा तुम्ही पाजा.